सीडी प्लेअर घेताय? आधी लेन्सची चौकशी करा

आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक जपानी सीडी प्लेअर आहे. दोन हातांनी उचलावा लागेल इतका जड, समोर ॲल्युमिनियमची जाड पट्टी, आणि वर सध्या मनीप्लांटची कुंडी. वाजायचा तेव्हा सुरेख वाजायचा. चौथ्या वर्षी सीडी आत घ्यायची, थोडं घुरघुरायचं आणि 'नो डिस्क' म्हणून ट्रे बाहेर ढकलायची, असं त्याचं सुरू झालं. सोलापूरच्या नवी पेठेत ज्यांच्याकडे मी सगळं दुरुस्तीला नेतो त्या मामांनी झाकण उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "आवाजाचा भाग ठणठणीत हाय की सर. लेन्स गेलीय. अन् ह्याची लेन्स आता कुटं मिळत नाही बगा." लेन्स म्हणजे लेझरने सीडी वाचणारं भिंग. ज्यांनी विकला होता त्यांनी तीन महिने 'बघतो, बघतो' करत काढले आणि मग फोन उचलणं बंद केलं.

म्हणून महाग सीडी प्लेअर घ्यायचा म्हणून कोणी सल्ला मागितला, की मी डॅक चिपपासून, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपपासून, सुरुवात करत नाही. मागच्या महिन्यात जुळे सोलापुरातला एक ओळखीचा मुलगा आला होता. वडिलांच्या दोन सुटकेस भरून सीडी, नवीन नोकरी, हातात थोडे पैसे. "काका, सव्वा लाखाचा एक बघून ठेवलाय, घेऊ का?" त्याला ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने इथे लिहितो.

आधी सुटकेस उघडा

प्लेअर नंतर. आधी सगळ्या सीडी जमिनीवर मांडा आणि ढीग करा. कंपनीने छापलेल्या सीडी एका बाजूला. घरी किंवा दुकानात कॉप्या मारलेल्या, म्हणजे सीडी-आर, दुसऱ्या बाजूला. तिसरा ढीग एमपीथ्रीचा. एका सीडीत दीडशे गाणी अशी जी आपल्याकडे दुकानादुकानांत मिळायची, ती दिसायला सीडीच, पण आत संगणकाच्या फायली असतात. हा ढीग वेगळा काढणं महत्त्वाचं, कारण महागड्या प्लेअरांपैकी अनेकांना एमपीथ्री सीडी कळतच नाही. लाखाचं यंत्र आणून वडिलांच्या आवडीची भक्तिगीतं वाजेनात, म्हणजे घरात काय ऐकून घ्यावं लागेल ते वेगळं सांगायला नको. त्या फायली कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये घ्या आणि तो विषय संपवा.

छापील सीडींच्या पाठीवर बऱ्याचदा तीन इंग्रजी अक्षरं असतात: एएडी, एडीडी किंवा डीडीडी. पहिलं अक्षर मूळ ध्वनिमुद्रण टेपवर झालं की डिजिटल ते सांगतं, दुसरं मिक्सिंग कशावर झालं ते, तिसरं मास्टर कशावर झाला ते. सीडीत शेवटचं अक्षर डीच. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रीय मैफिलींच्या सीडी बहुतेक टेपवरून आलेल्या. भीमसेनजींचा षड्ज लागायच्या आधी जी बारीक 'सूं' ऐकू येते ती टेपची आहे. चांगला प्लेअर ती घालवणार नाही, उलट स्वच्छ ऐकवेल. त्याला प्लेअरचा दोष समजून बदलून आणणारे मला माहीत आहेत.

पैशाची वाटणी

सगळा संच तीन लाखांत बसवायचा असेल तर माझ्या हिशोबाने निम्मे पैसे स्पीकरला, लाखाच्या आत-बाहेर ॲम्पला (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर), आणि उरलेल्यातून प्लेअर. प्लेअरला सगळ्यात कमी का, तर सीडीचं मोजमाप पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला, तेव्हाही आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा होता, आजही तोच आहे. १६ बिटमधून सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. मे महिन्यात सोलापुरात हॉलमध्ये कूलर लावून बसलेल्या माणसाला यातलं खालचं निम्मं तरी ऐकू येतं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

चाळीस वर्षांत हे आकडे ॲनालॉगमध्ये बदलायचं काम इतकं पक्कं झालंय, की प्रामाणिकपणे बनवलेल्या दोन प्लेअरांच्या आवाजातला फरक बारीक असतो. फरक नसतोच असं मी म्हणत नाही. पण स्पीकर बदलल्यावर होतो त्याच्यापुढे तो काहीच नाही.

आणि खोलीपुढे तर नाहीच. आपल्या घरांत खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स, वर स्लॅब, चार भिंती उघड्या. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर' असा शेपटासारखा आवाज आला, तर तबल्याची चाटीही तशीच शेपूट घेऊन येणार. यावर आपल्या गावातच औषध आहे. जाड सोलापुरी चादर दुहेरी घडी करून, भिंतीपासून तीन-चार इंच पुढे दांडीवर सोडा, स्पीकरमधून निघालेला आवाज जिथे पहिल्यांदा भिंतीला लागतो तिथे. वरच्या पट्टीतला खणखणाट लगेच कमी होतो. बेस मात्र चादरीने हलत नाही. बाहेरगावचे लोक यासाठी फोमचे चौकोन मागवतात. आमच्याकडे पाहुणे विचारतात, "चादर वाळत घातलीय का?" विचारू देत.

कोणत्या जातीचा घ्यायचा

तीन जाती आहेत. पहिली साधा, पूर्ण प्लेअर: सीडी वाचतो, आतल्या डॅकने आवाज करतो, मागच्या दोन लाल-पांढऱ्या आरसीए पिनांमधून ॲम्पला देतो. दुसरी ट्रान्सपोर्ट: नुसती सीडी वाचून आकडे बाहेर सोडतो, डॅक वेगळा लागतो. तिसरी एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, वाजवणारा प्लेअर.

तिसऱ्याचं आधी उरकतो. एसएसीडी १९९९ साली आली, सीडीपेक्षा कितीतरी जास्त माहिती साठवते, आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत व जॅझ ऐकणाऱ्यांसाठी तिच्यात चांगला खजिना आहे. आपल्याकडचं शास्त्रीय संगीत तिच्यावर फारसं आलंच नाही. सुटकेसमध्ये एकही एसएसीडी नसेल तर तिच्यासाठी जादा पैसे मोजू नका. असतील, तर एवढं लक्षात ठेवा की एसएसीडीचा मूळ प्रवाह साध्या कोॲक्सिअल किंवा ऑप्टिकल डिजिटल वायरने बाहेर निघत नाही. बाहेरचा डॅक लावायची स्वप्नं बहुतेक तिथे थांबतात, प्लेअरच्या आत असेल तोच डॅक.

पहिल्या दोघांत निवड करताना ॲम्पची पाठ बघा. हल्लीच्या अनेक ॲम्पमध्ये डॅक आतच बसवलेला असतो, मागे कोॲक्सिअल आणि ऑप्टिकलची भोकं असतात. तसं असेल तर तुम्ही एका डॅकचे पैसे आधीच दिलेत. मग नुसता ट्रान्सपोर्ट घ्या. त्यात आणखी एक फायदा आहे आणि मला तोच मोठा वाटतो: जे झिजतं ते आणि जे झिजत नाही ते अशा दोन वेगळ्या पेट्या होतात. उद्या लेन्स गेली तर एकच पेटी बदलायची.

पण ॲम्प जुना, नुसता ॲनालॉग असेल, तर पूर्ण प्लेअर बरा. एक पेटी, एक वायर, एक रिमोट. घरातल्या वडीलधाऱ्यांना तोच चालवता येतो.

लेन्सची चौकशी

आता मुख्य मुद्दा. सीडीवरची रेघ आतून बाहेर जाणारी एकच गुंडाळी आहे, उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब. दोन वेढ्यांत अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा साधारण सहाशेवा भाग. ७८० नॅनोमीटरचा लेझर या रेघेवर धरून ठेवायचा, तोही तबकडी फिरत असताना: आतल्या कडेला मिनिटाला साधारण ५०० फेरे, बाहेर जाता जाता २००. तबकडी थोडी तरी डुलतेच, म्हणून लेन्स बारीक तारांच्या वेटोळ्यांवर तरंगत ठेवलेली असते आणि सारखी वर-खाली, आत-बाहेर सरकत असते. प्लेअरमध्ये म्हातारं होतं ते हे. लेझर मंद होतो, भिंगावर धूळ बसते, रुळावरचं ग्रीस वाळतं, ट्रेचा रबरी पट्टा कडक होतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात यातलं सगळं जरा लवकरच.

दुकानदाराला म्हणून हे विचारा, लाजू नका:

आतली मेकॅनिझम (तबकडी फिरवणारा आणि लेन्स सरकवणारा भाग) आणि लेन्स कुणाची, कोणत्या नंबरची? ती आज सुटी मिळते का, आणि किती रुपयांना? बदलायची झाली तर यंत्र कुठे जाणार, पुण्यात, मुंबईत की परदेशात? वॉरंटी भारतातल्या अधिकृत वितरकाची आहे की दुकानाची? वॉरंटीत लेन्स धरली आहे का?

पहिल्याच प्रश्नाला "साहेब, हे मॉडेल खराबच होत नाही" असं उत्तर आलं, तर चहा प्या आणि निघा.

यात एक गंमत आहे. सोनीची केएसएस-२१३ ही लेन्स साध्या टू-इन-वनमध्येही असायची आणि काही महागड्या यंत्रांतही. नुसतं नाव ऐकून नाक मुरडणारे लोक आहेत. पण ती इतकी चालली की तिचे सुटे नग आजही मिळतात, अर्थात नकलीही तितक्याच. याउलट फिलिप्सची सीडी-प्रो २ ही मेकॅनिझम अतिशय नावाजलेली, एकेकाळी भल्याभल्या प्लेअरांचा अभिमान. तिचं उत्पादन बंद झालं आणि ते भलेभले प्लेअर सुट्या भागासाठी वणवण करू लागले. जपानच्या एसोटेरिकसारख्या मोजक्या कंपन्या स्वतःची मेकॅनिझम बनवतात. तिथे भाग मिळण्याचा भरवसा असतो, पण किंमत ऐकून खुर्ची धरावी लागते. मला निवडायला सांगितलं तर मिळणारी साधी लेन्स, न मिळणाऱ्या थोर लेन्सपेक्षा बरी.

चिपचंही असं होऊ शकतं. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि डॅक चिपचा तुटवडा पडून कित्येक कंपन्यांना मॉडेलांची आखणीच बदलावी लागली. पण चिप सहसा जळत नाही, आणि लेन्स हमखास जाते.

ऐकायला जाताना

या दर्जाचे प्लेअर शेजारी शेजारी लावून ऐकायचे, तर सोलापूरकराला पुणं गाठावं लागतं. सकाळी हुतात्मा एक्सप्रेस धरायची, संध्याकाळी तिनेच परत यायचं. आधी फोन करून वेळ घ्या आणि तुमचाच ॲम्प किंवा त्याच जातीचा ॲम्प लावायला सांगा.

पिशवीत चार सीडी घ्या. एक, तुम्हाला पाठ असलेली छापील सीडी, शक्यतो तंबोरा आणि एकच आवाज असलेली. तंबोऱ्याच्या तारा एकमेकींत मिसळून जो झंकार होतो तो सपाट वाटतोय की त्याला खोली आहे, हे कानाला चटकन कळतं. दोन, एक कॉपी मारलेली सीडी-आर, कारण ती छापील सीडीपेक्षा कमी प्रकाश परत पाठवते आणि लेन्सची ताकद दाखवते. तीन, ओरखडे पडलेली. चार, ७४ मिनिटांहून लांब, अगदी कडेपर्यंत भरलेली. तिचं शेवटचं गाणं लावा. तबकडी कडेलाच सगळ्यात जास्त डुलते, म्हणून थकलेली लेन्स तिथेच घसरते. शोरूममध्ये डेमोला दोन वर्षं चाललेला नग स्वस्तात देतो म्हणाले, तर ही चौथी सीडी विसरू नका. ट्रे आत गेल्यापासून गाण्यांची संख्या दिसेपर्यंत किती सेकंद लागतात तेही मनात मोजा.

आता फसगत कुठे होते ते. प्लेअरच्या आउटपुटला २ व्होल्टचा रिवाज आहे, पण काही कंपन्या २.४ व्होल्ट देतात. फरक दीड डेसिबलहून थोडा जास्त. एवढ्याने कानाला 'मोठा झाला' असं वाटत नाही, 'मोकळा झाला', 'जीव आला' असं वाटतं. आणि दुसरा प्लेअर बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांच्या) वायरने जोडला असेल तर त्याचं व्होल्टेज बहुधा दुप्पट, म्हणजे सरळ सहा डेसिबलचा फरक. विक्रेता मुद्दाम करतो असं नाही, पण तुम्ही त्याच दोन मिनिटांत निर्णय घेता. प्लेअर बदलला की आवाज जुळवायला सांगा. एका ठरावीक सुराच्या टेस्ट सीडीवर स्पीकरच्या पिनांना मल्टिमीटर लावून जुळवला तर उत्तमच. जुळवल्यावर फरक कळेना, तर स्वस्तातला घ्या आणि उरलेल्या पैशाच्या सीडी.

माहितीपत्रकातल्या आकड्यांवर मी फार वेळ घालवत नाही. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ सगळेच लिहितात आणि सगळेच देतात. वजन मात्र बघतो, कारण जड पेटीत बहुधा मोठा ट्रान्सफॉर्मर आणि न थरथरणारा सांगाडा असतो. हजारो रुपयांची पॉवर वायर, सीडीच्या कडेला हिरवा मार्कर फिरवणं (हे खरंच लोक करायचे), असल्या गोष्टी कुणी सांगू लागला की मी हसून विषय बदलतो.

जुना घ्यायचा असेल तर

जपानमधून आलेले जुने प्लेअर सुंदर असतात आणि मोहात पाडतात. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानच्या बाजारातलं यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकेतलं १२० चं. आपल्या २३० व्होल्टला लावलं तर एकदाच वाजतं, तेही फटाक्यासारखं. योग्य स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आधी, प्लेअर नंतर.

पार्सलने येणार असेल तर विकणाऱ्याला विचारा की लेन्स अडकवून ठेवायचा वाहतुकीचा स्क्रू आहे का, आणि तो बसवलाय का. काही जुन्या मॉडेलांना तो तळाशी असतो. न बसवता ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलेल्या प्लेअरची लेन्स इकडून तिकडे आपटत येते. आणि उलटंही: घरी आल्यावर तो काढायचा विसरलात तर यंत्र वाजणारच नाही, आणि तुम्ही विकणाऱ्याला शिव्या देत बसाल.

घरी आणल्यावर

ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका, खालून भाजतो. बऱ्याच प्लेअरांच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी बंद काचेच्या कपाटात वाजवणं म्हणजे लेझरचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणं. मी उन्हाळ्यात सीडी रात्रीच ऐकतो. खाली शहाबादीचा एक तुकडा कापून त्याच्या चार कोपऱ्यांना रबर लावलं की हलणार नाही असा पाट तयार होतो, तोही फरशीवाल्याकडे उरलेल्यातला.

धुळीसाठी वर टॉवेल टाका, पण यंत्र बंद असतानाच. सुरू असताना वरच्या जाळ्या मोकळ्या हव्यात. ट्रे उघडा ठेवून फोनवर गप्पा मारत बसू नका.

विजेचं म्हणाल तर चांगला स्टॅबिलायझर आणि खरं अर्थिंग. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग आधी नीट करून घ्या. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर साइनवेव्हचाच. स्क्वेअरवेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि ती गुरगुर स्पीकरपर्यंत येते. केबल टीव्हीचा सेटटॉप बॉक्स त्याच ॲम्पला जोडला की 'हंऽऽ' सुरू झाला, तर वाटेत अर्थचा वेढा झालाय, म्हणजे अर्थला दोन वाटा मिळाल्यात. केबलची वायर काढून बघा, थांबला तर दोषी सापडला. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरने घ्या, त्यातून प्रकाश जातो, वीज नाही.

सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. आडव्या ओरखड्याने रेघेचा जरासाच भाग जातो आणि तेवढा प्लेअर गणिताने भरून काढतो. रेघेच्या दिशेने सलग अडीच मिलिमीटरपर्यंतची तूटही भरून निघते, त्यापुढे मात्र अंदाजपंचे सुरू होतं. छापील बाजू जास्त जपा. लोक चकचकीत बाजूला जपतात आणि नावाच्या बाजूने सीडी टेबलावर घासतात. माहिती असलेला धातूचा थर त्या नावाच्या शाईखालीच असतो, वर फक्त वार्निशचा पापुद्रा. खालून १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं संरक्षण आहे, वरून जवळजवळ काहीच नाही.

वॉरंटी चालू आहे तोवर सुटकेसमधल्या प्रत्येक छापील सीडीचं शेवटचं गाणं एकदा तरी वाजवून घ्या. अडखळलेल्या सीडींची वहीत यादी करा. त्या दुसऱ्या प्लेअरवर नीट वाजल्या तर दोष तुमच्या नव्या यंत्रात आहे, आणि ते सांगायची वेळ आत्ताच. जुळे सोलापूरच्या त्या मुलाने शेवटी ट्रान्सपोर्ट घेतला. रोज रात्री जेवणानंतर दोन-दोन सीडी काढून तो हे करतोय. काल रात्री फोन आला होता: एकशे बारा झाल्या, तीन अडखळल्या, आणि त्यातल्या दोन त्याच्या आत्याच्या घरच्या जुन्या प्लेअरवरही अडखळतात.